रिकामा रकाना

१९११ सालच्या जनगणनेचे इंग्लंडमधले कागद २००९ मध्ये लोकांसाठी ऑनलाइन खुले झाले, तेव्हा प्रत्येक कागदावरचा एक रकाना झाकलेला होता. त्या रकान्यात घरातल्या माणसाला काही 'व्यंग' असेल तर ते लिहायचं होतं. ठार बहिरा, मुका, आंधळा, वेडा, मंदबुद्धी. (शब्द फॉर्मवरचेच आहेत, आज आपण ते वापरणार नाही.) बाकी सगळं दिसत होतं. नाव, वय, धंदा, लग्नाला झालेली वर्षं, झालेली मुलं, गेलेली मुलं. हा एक रकाना मात्र जानेवारी २०१२ मध्ये उघडला. तोवर त्या मोजणीला शंभर वर्षं उलटून गेली होती.

म्हणजे सरकारी हिशेबाने लाज शंभर वर्षं टिकते.

शंभरच का, याचं उत्तर सोपं आहे. त्या वेळी श्वास घेणारं कुणी आता नसेल, असं धरून चालता येतं. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर, २९ सप्टेंबर १९३९ ला, सरकारने इंग्लंडमधल्या घराघरांची नोंद केली होती. ते रजिस्टरही आज फोनवर बघता येतं. पण ज्यांच्या जन्माला शंभर वर्षं झालेली नाहीत आणि ज्यांच्या मृत्यूचा पुरावा मिळालेला नाही, त्यांच्या ओळीवर काळी पट्टी असते. आई, वडील, मग काळी पट्टी. तेव्हाचं ते तान्हं मूल कदाचित आत्ता कुठेतरी चहा घेत बसलं असेल. मग एक दिवस ते जातं आणि पट्टी निघते.

मेल्या क्षणी माणसाचं खासगीपण असं निघून जातं का? आणि जात असेल, तर ते कुणाकडे जातं? मी गेली काही वर्षं व्हिटबी नावाच्या एका गावाच्या निमित्ताने या प्रश्नाभोवती घुटमळते आहे.

व्हिटबी हे यॉर्कशरच्या उत्तर किनाऱ्यावरचं, एस्क नदीच्या मुखाशी वसलेलं तेरा-एक हजार वस्तीचं गाव. मी मिडल्सब्रोला राहते. तिथून दीड तासाची गाडी आहे, नदीच्या खोऱ्यातून डुलत डुलत जाणारी. बहुतेक लोक तिथे दोन गोष्टींसाठी जातात, तळलेली मासळी आणि ड्रॅक्युला. ब्रॅम स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात इथे राहिला होता. इथल्या वाचनालयातल्या एका पुस्तकात त्याला 'ड्रॅक्युला' हे नाव सापडलं, आणि १८९७ मध्ये कादंबरी आली. नदीच्या पूर्वेला कड्यावर सेंट मेरी चर्च आहे, वर जायला १९९ पायऱ्या. तिथे येणारे लोक ड्रॅक्युलाची कबर कुठे आहे ते इतक्यांदा विचारतात, की 'अशी कबर इथे नाही, कृपया विचारू नये' अशी पाटी लावावी लागली.

याच दगडांवरची नावं स्टोकरने वहीत उतरवून घेतली होती. त्यातलं 'स्वेल्स' हे आडनाव त्याने कादंबरीतल्या एका म्हाताऱ्याला दिलं. हा म्हातारा गावात आलेल्या पाहुण्या मुलींना सांगतो की इथले दगड खोटं बोलतात. 'इथे विसावला आहे' असं ज्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यातले कितीतरी समुद्रातच राहिले, खाली कुणीच नाही. आता तर खाऱ्या वाऱ्याने कित्येक दगडांवरची अक्षरंच खाल्ली आहेत, त्यामुळे खोटं बोलायची सोयही उरलेली नाही.

या पायऱ्यांवर आणखी एका प्रकारची माणसं दिसतात. वय साठीच्या पुढे, पाठीला सॅक, हातात प्लास्टिकची फाइल. ती ड्रॅक्युलाची कबर शोधत नसतात. ती आपलं आडनाव शोधत असतात.

आमच्या शेजारच्या बाई या दुसऱ्या जातीच्या. मी त्यांना मनातल्या मनात काकू म्हणते. तोंडावर मात्र सरळ नावाने हाक मारते, कारण इथे तीच रीत. वय पंच्याहत्तर. त्यांच्या आजीचं घराणं व्हिटबीचं, मासेमारी करणारं. काकूंना लॅपटॉप नीट जमत नाही आणि गाडी चालवणं त्यांनी सोडलं आहे, म्हणून मी या उद्योगात ओढली गेले.

काम कसं चालतं? स्वतःपासून सुरुवात करायची आणि मागे जायचं. इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. दर दहा वर्षांनी जनगणना होते. १८४१ पासून १९२१ पर्यंतच्या जनगणना नावानिशी बघता येतात. त्यानंतर मोठं भगदाड आहे, कारण १९३१ चे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले आणि १९४१ ला युद्धामुळे मोजणी झालीच नाही. १८३७ च्या मागे गेलात तर चर्चची रजिस्टरं. ती ठेवायचा हुकूम १५३८ चा. १७५४ पासून लग्नाच्या रजिस्टरात वर-वधूची सही लागते, आणि सही येत नसेल तर फुली. काकूंच्या एका पूर्वजाची फुली मी पाहिली आहे. एका टोकाला शाई जरा जास्त सांडलेली. त्याच्या हाताने या जगात केलेली, आजवर टिकलेली तेवढी एकच खूण. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो तर माझा कुणीच नव्हता.

आपल्याकडच्या कुलवृत्तांतात घराणं स्वतःबद्दल लिहितं. मूळ पुरुष, कुलदैवत, मग कर्तबगार मंडळी. इथल्या कोळ्याचा कुलवृत्तांत त्याच्या घराण्याने लिहिलेला नसतो. तो कारकुनांनी, पाद्र्यांनी आणि मॅजिस्ट्रेटांनी लिहिलेला असतो. सगळी अडचण तिथे आहे.

गरिबाचं नाव कागदावर येतं ते बहुधा त्याच्यावर खर्च करायची किंवा त्याला शिक्षा करायची वेळ आली की. १८३४ च्या आधी लग्नाशिवाय दिवस गेलेल्या मुलीला गावचे अधिकारी शपथेवर विचारायचे, बाप कोण? तिच्या काळजीपोटी नव्हे. बाप सापडला तर पोराचा खर्च त्याच्यावर टाकता येईल, गावावर पडणार नाही, म्हणून. १८३४ च्या नव्या कायद्याने तो भार बराचसा आईवरच टाकला. १८४४ पासून तिला स्वतः कोर्टात जाऊन बापाकडून पैसे मागता येऊ लागले, म्हणजे पुन्हा भर कोर्टात उभं राहून सगळं सांगणं आलंच. याशिवाय वर्कहाऊसची दाखल-यादी, म्हणजे निराधारांना अन्न-निवारा देणाऱ्या आणि बदल्यात काम करून घेणाऱ्या सरकारी घराची. बुडून मेलेल्याचा पंचनामा. दारू पिऊन मारामारी केल्याचा दंड.

एखादा माणूस तीस वर्षं पहाटे उठून गळ टाकायला गेला, याची ओळ कुठेच नसते. एका शनिवारी रात्री त्याने कुणाला तरी ठोसा मारला, त्याची मात्र तारखेसह ओळ असते. बायकांचं तर विचारूच नका. या किनाऱ्यावरच्या कोळणी आणि त्यांच्या मुली ओहोटीला मैलोन् मैल खडकांवरून जाऊन आमिषासाठी शिंपल्यातले जीव खरवडून आणायच्या. मग घरी बसून लांबलचक दोरीच्या शेकडो गळांना ते एकेक करून लावायच्या. नवऱ्याची बोट त्याशिवाय हलायची नाही. जनगणनेत त्यांच्या नावापुढचा धंद्याचा रकाना बघा. बहुतेक वेळा रिकामा.

चांगल्या नोंदी नसतातच असं नाही. ९ फेब्रुवारी १८६१ च्या वादळात व्हिटबीची लाइफबोट एकामागून एक जहाजांवरची माणसं वाचवत राहिली आणि शेवटी स्वतःच उलटली. तेरापैकी बारा जण गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन. एकट्या त्याच्या अंगावर नव्या पद्धतीचं बुचाचं जाकीट होतं. त्यानंतर आठच आठवड्यांनी, ७ एप्रिलला, जनगणनेचा माणूस त्याच गल्ल्यांमधून फिरला. काय वाटलं असेल त्याला 'विधवा, विधवा' लिहीत जाताना? तसंच 'रोहिल्ला'चं. नाव ओळखीचं वाटलं ना? ते ब्रिटिश इंडिया कंपनीचं जहाज, भारताच्या मार्गासाठी बांधलेलं. युद्धात त्याचं इस्पितळ केलं, आणि ३० ऑक्टोबर १९१४ च्या पहाटे ते व्हिटबीजवळच्या खडकांवर आदळलं. जहाज काठावरून दिसत होतं, त्यावरची माणसं दिसत होती, आणि तरी शेवटचे पन्नास जण सुटायला तिसरा दिवस उजाडला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या दिवसांत कुणी काय केलं ते गावाने नावानिशी जपून ठेवलं आहे.

पण शौर्याचा दिवस काय आणि बदनामीचा दिवस काय, दोन्ही अपवादाचेच. दफ्तराला साधा मंगळवार माहीत नसतो. आणि माणसाचं बहुतेक आयुष्य मंगळवारीच चाललेलं असतं.

मंगळवार टिपला तो एका माणसाने, फ्रँक मेडो सटक्लिफ या फोटोग्राफरने. १८७० च्या दशकापासून त्याने व्हिटबीचे कोळी, त्यांच्या बायका, बंदर, धुकं सगळं काचेच्या प्लेटांवर उतरवलं. त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो १८८६ चा, बंदरात होडीभोवती नागवी खेळणारी पोरं. तिथल्या पाद्र्यांनी त्याच्यावर बहिष्कार घातला, आणि पुढे राजा झालेल्या राजपुत्राने त्याच फोटोची मोठी प्रत विकत घेतली. दोघांनीही त्या पोरांना काही विचारलं असेल असं वाटत नाही. आज त्यांची पणतवंडं असतील, आणि भिंतीवर तो फोटो अभिमानाने लावत असतील. पोटच्या पोराचा असा फोटो कुणी आज इंस्टाग्रामवर टाकला तर आपण काय म्हणू? काळ गेला की लाज कधीकधी वारसा होते, ती अशी.

आता काकूंच्या आजीचं.

आजी १८९९ ची. १९०१ च्या जनगणनेत ती एका कोळ्याच्या घरातली धाकटी 'मुलगी' आहे. आईचं वय अठ्ठेचाळीस. म्हणजे मूल झालं तेव्हा शेहेचाळीस. अशक्य नाही, पण माझी भुवई वर गेली. जन्मनोंदीच्या सूचीत आईच्या माहेरच्या आडनावाचा रकाना असतो. मूल लग्नाविना झालेलं असेल तर तिथे बहुतेक वेळा नुसती आडवी रेघ दिसते. आजीच्या नावापुढे रेघ होती. दाखला मागवला. आईच्या जागी घरातल्या थोरल्या बहिणीचं नाव, तेव्हा वय एकोणीस. बापाच्या रकान्यात काहीच नाही. जन्मस्थळ, व्हिटबीचं वर्कहाऊस.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. १९०४ मध्ये रजिस्ट्रार जनरलनी सूचना काढली, की वर्कहाऊसमध्ये जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर तो शब्द येऊ देऊ नये, साधा रस्त्याचा पत्ता घालावा. पुढे नोकरी मागायला गेल्यावर त्या पोराला मान खाली घालावी लागू नये म्हणून. कारकुनांच्या दुनियेत इतकी माणुसकी मला क्वचित दिसली आहे. आजी पाच वर्षं आधी जन्मली.

पण खरी गंमत १९११ च्या फॉर्ममध्ये निघाली. त्या वर्षीचे फॉर्म घरच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने भरलेले आहेत आणि ते तसेच जपलेले आहेत. थोराड, डावीकडे कललेलं अक्षर. बारा वर्षांच्या पोरीपुढे आजोबाने लिहिलंय, 'मुलगी'. आणि बायकोच्या ओळीत, सध्याच्या लग्नातून किती मुलं झाली, किती हयात, किती गेली, या रकान्यांत सहा, चार, दोन. चार हयात मुलं आम्हाला नावानिशी माहीत होती. तीन मुलगे आणि ती थोरली. ही पोर धरली तर पाच व्हायला हवीत. त्याने चार लिहिले.

शब्दात एक, आकड्यात दुसरं. सरकारी मोजणीत खोटा आकडा लिहायला तो माणूस तयार नव्हता, आणि पोरीला 'नात' म्हणायलाही.

मग थोरलीचा फॉर्म शोधला. तिचं एव्हाना लग्न होऊन ती दोन गल्ल्या सोडून राहत होती. तिच्या ओळीत फक्त नवऱ्यापासून झालेली मुलं, कारण फॉर्म विचारतो तेवढंच. पहिल्या मुलीला लिहायला तिथे जागाच नव्हती. दोन्ही घरांच्या बेरजेत ती पोर कुठेच नाही.

काकू तो फॉर्म बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "हे सगळं मी झाडावर घालणार." झाड म्हणजे वंशवृक्षाच्या वेबसाइटवरचं त्यांचं पान, जे कुणालाही दिसतं.

त्यांना तो अधिकार आहे का? कायद्याला विचाराल तर आहे. ब्रिटनमध्ये माहिती-संरक्षणाचा कायदा जिवंत माणसांपुरता आहे, आणि मेलेल्याच्या बदनामीबद्दल त्याच्या घरच्यांना दावा लावता येत नाही. मौज अशी, की याच लोकांनी १८६० मध्ये आपल्यासाठी जी दंडसंहिता केली, तिच्या कलम ४९९ मध्ये मेलेल्या माणसाचीही बदनामी होऊ शकते. तो जिवंत असता तर त्याच्या अब्रूला धक्का लागला असता असं काही बोललं आणि त्याच्या घरच्यांचं मन दुखवायच्या हेतूने बोललं, तर तो गुन्हा. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही हे स्पष्टीकरण कायम आहे. पण नीट वाचलं तर त्यातही संरक्षण मिळतं ते जिवंतांच्या मनाला. मेलेला निमित्तमात्र.

तत्त्वज्ञांमध्येही जुनी तक्रार आहे. एपिक्युरसच्या मते मृत्यू आला की आपण नसतोच, मग दुखणार कुणाला? ॲरिस्टॉटल इतका ठाम नाही. मागे राहिलेल्यांचं बरं-वाईट मेलेल्यांपर्यंत थोडंफार पोचत असावं, पण सुखी माणसाला दुःखी करण्याइतकं नाही, अशा काहीशा बेतावर तो थांबतो. मला वाटतं दोघांनीही प्रश्न मेलेल्याच्या बाजूने विचारला. मेलेल्याला काय होतं ते कळायला मार्ग नाही. पण मी कुणाबद्दल खोटं, अर्धवट किंवा निष्ठुर बोलले, तर ते तसंच असतं, ऐकायला ती व्यक्ती असो वा नसो. एकोणीस वर्षांच्या पोरीला तिच्या सर्वांत वाईट दिवसावरून ओळखणं अर्धवट आहे. ती पुढे साठ वर्षं जगली, आणि त्या साठ वर्षांचं आमच्या फाइलमध्ये काही म्हणजे काही नव्हतं.

म्हणून मी काकूंना म्हटलं, आधी थोरलीच्या माणसांना भेटू. तिची एक नात स्कारबरोला राहते, वय एक्याऐंशी. नात्याने दोघी लांबच्या बहिणी, आणि आता कळल्याप्रमाणे त्याहून जवळच्या. मी गाडी चालवली. काकू वाटभर वाक्यं जुळवत होत्या, म्हातारीला धक्का बसू नये म्हणून.

बहिणीने दाखला हातात घेतला, चष्मा वर करून वाचला आणि विचारलं, "हे तुला आत्ता कळलं?"

सगळ्यांना ठाऊक होतं. घरात, गल्लीत, चॅपलमध्ये. त्यांना त्या दहा वर्षांच्या असताना आईने सांगितलं होतं आणि वर बजावलं होतं, की तुला हे ठाऊक आहे हे आजीला कळता कामा नये. ती थोरली दर रविवारी ब्रेड भाजायची. पहिल्या पावाचा कडक कोपरा कापून तो बाजूला ठेवायची. 'बहीण' यायची आणि तो खायची. बाकी नातवंडांनी त्याला हात लावलेला चालायचा नाही. का ते कुणी विचारायचं नाही.

आम्ही जे गुपित उकरून काढलं होतं, ते गुपित नव्हतंच. ती एक रीत होती, आख्ख्या गल्लीने मिळून पाळलेली. दफ्तरात घटना सापडते. तिच्यावर लोकांनी घातलेलं पांघरूण सापडत नाही. आणि ते सापडल्याशिवाय घटना नीट कळतही नाही.

हे एवढंच असतं तर मी बहिणीच्या बाजूने झाले असते. झाडावर वर्कहाऊस हा शब्द नको, असं त्यांचं म्हणणं होतं. "मी असेपर्यंत तरी नको," त्या म्हणाल्या. पण काकू, एरवी मऊ बोलणाऱ्या, एकदम म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला तिच्या आईला आई म्हणू दिलं नाही."

यावर खोलीत कुणी काही बोललं नाही. केटल मात्र उकळून बंद झाली.

त्या पांघरुणाखाली खरंच कोण झाकलं गेलं होतं? थोरली नाही, गल्लीला ती माहीत होती. पोर नाही, तीही गल्लीतच वाढली. झाकला गेला तो बाप. १८७४ च्या कायद्यानुसार लग्नाविना झालेल्या मुलाच्या दाखल्यावर बापाचं नाव घालायचं तर त्याने स्वतः येऊन आईसोबत मागणी करून सही करायची. तो आला नाही, रकाना रिकामा राहिला. कोर्टाच्या वाटेला थोरली गेल्याचं दिसत नाही. १८९१ आणि १९०१ या दोन मोजण्यांच्या मधलं हे वर्ष, त्यामुळे ती तेव्हा कुणाच्या घरी कामाला होती का, तेही कागदावर नाही. प्रेम होतं, फसवणूक होती की जबरदस्ती? मर्यादशील, मायाळू असं ते मौन. पण त्याचा सगळ्यात जास्त फायदा अशा माणसाला झाला, ज्याने त्या मायेत कधी काही घातलं नव्हतं. वर्कहाऊस हा शब्द लपवण्यातली दया मला मान्य आहे. हे मौन तसंच आहे का, याबद्दल मी अजून स्वतःशी भांडते.

आता तर रकाना भरायला कायदाही लागत नाही, थुंकी पुरते. काकूंच्या मुलीने त्यांना वाढदिवसाला डीएनए चाचणीचा डबा दिला. दोन महिन्यांनी निकाल आला. त्यात व्हिटबीच्याच एका घराण्याशी जुळणी निघाली, सव्वाशे सेंटीमॉर्गनच्या आसपास. एका पणजोबांत गाठ पडत असेल तर साधारण एवढी येते. त्या घराण्याचं झाड सार्वजनिक आहे. त्यात फोटो आहे, मिशा, टोपी, खाली चॅपलमधलं पद आणि 'प्रेमळ पिता' असं कौतुक.

पण त्या पिढीत ते तीन भाऊ होते. तिघेही १८९९ मध्ये विशी-तिशीतले. जुळणीच्या एका आकड्यावरून तिघांतला नेमका कोण हे ठरत नाही. भावाचा वंशज असला तरी आकडा त्याच पट्ट्यात येऊ शकतो. चुकीचं नाव लिहिलं तर एका निरपराध माणसाला, मेल्यावर ऐंशी वर्षांनी, असं काहीतरी चिकटवल्यासारखं होईल जे तो खोडून काढू शकणार नाही. नाही लिहिलं तर रेघ तशीच राहील, जशी तिघांपैकी एकाला हवी होती.

काकूंनी दोन पानं तयार केली आहेत. एकात आजीची आई म्हणून थोरलीचं नाव आहे, आणि ते सगळ्यांना दिसतं. बहिणीने त्याला होकार दिला, पावाच्या कोपऱ्याची गोष्ट त्यात लिहायची या अटीवर. जन्मस्थळाच्या जागी फक्त 'व्हिटबी'. दुसरं पान, दाखल्यासकट, प्रायव्हेट ठेवलं आहे. ते कधी उघडायचं ते स्कारबरोच्या बहिणीच्या तब्येतीवर ठरणार, हे दोघींना माहीत आहे आणि दोघी ते बोलत नाहीत.

बापाच्या चौकटीत वेबसाइटने आपणहून एक राखाडी आकृती घातली आहे, चेहरा नसलेली, आणि खाली 'वडील जोडा' असं बटण. जुळणीचा तो आकडा त्या घराण्यातल्या बाईंनाही त्यांच्या फोनवर दिसतो. काकूंचं नाव, जवळपास केवढं नातं, आणि शेजारी निरोप पाठवायची खूण. त्या अधूनमधून साइटवर येतात, शेवटचं लॉगिन दिसतं. आठ महिने झाले. अजून दोघींपैकी कुणीही कुणाला लिहिलेलं नाही.